घरून काम करणारी टीम गप्प पडलीये: टांबोला, कॅमेरा की स्क्रीनशॉट?

पामबीच (धागाकर्ती)

वाशीतलं कस्टम हाऊस एजंटचं (आयात-निर्यातीचा माल कस्टम्समधून सोडवून देणाऱ्याचं) ऑफिस. मालक, डॉक्युमेंटेशन मॅनेजर आणि मी सोडून २६ माणसं: ७ फिल्डवर न्हावा शेवा बंदरात, १९ डॉक्युमेंटेशनला. जागा निम्मी केल्यापासून ही १९ माणसं पूर्ण वेळ घरून काम करतात. कुणी बदलापूर, कुणी डोंबिवली, कळवा, कामोठे, दोघं घोडबंदर रोडला. एचआर, अ‍ॅडमिन आणि पेटी कॅश माझ्याकडे.

फाइली निघतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण माणसं कामात आहेत असं वाटत नाही. सकाळी साडेनऊला अर्ध्या तासाचा कॉल असतो, त्यात १९ काळे चौकोन. काही विचारलं तर "ओके सर" किंवा नुसता अंगठा. शंका कुणी विचारत नाही, मग चेकलिस्ट (कस्टम्सला भरायच्या अर्जाचा मसुदा) चुकते, पार्टी म्हणजे ग्राहक ओरडतो, कस्टम्सकडे दुरुस्तीचा अर्ज करावा लागतो. शुक्रवारी संध्याकाळी सहाला ऑनलाइन टांबोला ठेवला, पाच जण आले. चार महिन्यांत नवीन लागलेल्या तिघांनी राजीनामा दिला.

मालक म्हणतात, दर दहा मिनिटांनी स्क्रीनशॉट घेणारं सॉफ्टवेअर लावू. मला पटत नाही, पण "मग दुसरं काय?" याला उत्तरही नाही. तर प्रश्न असे: कॅमेरा सक्तीचा करावा का? स्क्रीनशॉटने काही साधतं का? ऑफिसला बोलवायचं तर किती दिवस? आणि माणशी महिना ८०० रुपये मंजूर झालेत, ते कशावर खर्च करू? गिफ्ट व्हाउचर सोडून सांगा.

---

तलावपाळी

माणसं कामात असणं म्हणजे एचआरच्या भाषेत एंगेजमेंट. एंगेजमेंट म्हटलं की आपल्याकडे आधी साखरपुडा आठवतो, आणि बऱ्याच ऑफिसांत ती तशीच साजरी होते. एक दिवस सोहळा, फोटो, मग ज्याचा तो आपल्या घरी. टांबोल्याला पाच आले यात नवल नाही.

डॉक्युमेंटेशनचं काम घरी नेलं की पहिली तुटते ती कामाची शेवटची कडी. ऑफिसात बसलेल्याला न विचारता बरंच कळत असतं. फिल्डचा मुलगा आत येताना सांगतो की तुझ्या फाइलला कस्टम्सची क्वेरी पडली, मालकाचा फोनवर आवाज चढला की गाडी अडकल्याचं समजतं, आऊट ऑफ चार्ज (माल सोडायची कस्टम्सची परवानगी) मिळालं की कुणीतरी चहा सांगतो. घरी बसलेल्याकडे मेलवर इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती) येतं, त्याच्याकडून चेकलिस्ट जाते, आणि तिथेच ती फाइल त्याच्यापुरती संपते. माल सुटला का सीएफएसमध्ये (बंदराजवळच्या कंटेनर गोदामात) पडून आहे, त्याला पत्ता नाही. त्याचं नाव निघतं ते फक्त चूक झाली की. अशा कामात कुणाचं मन लागेल?

हॅकमन आणि ओल्डहॅम यांनी १९७६ मध्ये कामाचे जे पाच गुण मांडले त्यात "काम अथपासून इतिपर्यंत दिसणं" आणि "कसं झालं ते कामातूनच कळणं" हे दोन आहेत. तुमच्याकडे नेमके हेच दोन गेलेत. त्यामुळे खेळ आणि बक्षिसं नंतर, आधी ही कडी जोडा.

एक सामायिक शीट करा. रकाने: जॉब नंबर, पार्टी, कागद कधी आले, चेकलिस्ट कधी गेली, पार्टीची मंजुरी, बिल ऑफ एंट्री (आयात मालाचा कस्टम्सचा अर्ज) नंबर, क्वेरी, आऊट ऑफ चार्ज (ओओसी), गाडी गेटबाहेर. प्रत्येक जॉबसमोर चेकलिस्ट करणाऱ्याचं नाव. शेवटचे तीन रकाने फिल्डकडून भरले गेले पाहिजेत, आणि इथेच ही योजना बहुतेक ठिकाणी मरते. सीएफएसमध्ये एका हातात फाइल, एका हातात फोन, त्यात मोबाइलवर शीट उघडून योग्य चौकटीत टाइप करणार कोण? म्हणून फिल्डवाल्यांना टाइप करायला लावूच नका. त्यांनी ग्रुपवर आवाजी मेसेज टाकायचा: "जॉब चारशे बारा, ओओसी झालं, पावणेचार." डॉक्युमेंटेशनमधल्या एकाने दुपारी १ आणि ४ ला, संध्याकाळी ६ ला ते ऐकून शीट भरायची. ही पाळी दर आठवड्याला बदला. म्हणजे १९ आठवड्यांत प्रत्येक जण आठवडाभर पोर्टचा आवाज ऐकतो. क्वेरी कशावर पडतात, कुठल्या कागदावरून अडतं, हे त्याला आपोआप समजत जातं.

दुसरं, सकाळचा कॉल बंद करा. अर्धा तास गुणिले १९ म्हणजे रोज साडेनऊ माणूस-तास. एक अख्खा माणूस तुम्ही रोज "ओके सर" म्हणण्यासाठी पगारावर ठेवलाय. त्याऐवजी पावणेदहापर्यंत प्रत्येकाने तीन ओळी लिहायच्या: आज कुठल्या फाइली, कशाची वाट बघतोय, कुठे अडलंय. ज्यांच्या दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत काही आहे तेवढ्यांचाच दहा मिनिटं कॉल. बाकीचे कामाला.

तिसरं, शंका. "कुणी विचारत नाही" याचं कारण सहसा आळस नसतो. कधीतरी ग्रुपवर कुणीतरी विचारलेलं असतं आणि एखाद्या सिनियरने "एवढंही माहीत नाही?" लिहिलेलं असतं. तेवढ्या एका ओळीने १९ तोंडं सहा महिने बंद होतात. जुना ग्रुप चाळून बघा, सापडेल.

"अडलंय" नावाचा वेगळा ग्रुप करा. विचारणाऱ्याने जॉब नंबर, शंका आणि "मला असं वाटतं" अशी एक ओळ लिहायची. त्या "मला वाटतं"मुळे प्रश्न विचारणं म्हणजे अडाणीपणा उरत नाही. रोज एक सिनियर "आजचा उत्तरवाला", १० ते १ आणि २ ते ६. पंधरा मिनिटांत उत्तर, नाहीतर "बघतो, चारपर्यंत" एवढं तरी. उत्तर ग्रुपवरच लिहायचं. सिनियर मंडळींना फोन उचलून सांगायची खोड असते. त्यात एकाला कळतं आणि पुढच्या आठवड्यात दुसरा तिथेच अडतो. दोन महिन्यांनी हीच उत्तरं टॅरिफ हेडिंगप्रमाणे (कस्टम्सच्या मालाच्या वर्गवारीप्रमाणे) लावून ठेवा, नवीन माणसाला त्याहून चांगलं पुस्तक नाही.

---

गोखले_रोड

तीन राजीनामे झाले तर आधी पगार बघा. वाशी-बेलापूरमध्ये तेच काम तीन-चार हजार जास्त देऊन कुणी देत असेल तर शीट, ग्रुप, चहा सगळं फुकट. निघून गेलेल्या तिघांना फोन करून एकच प्रश्न विचारा: "जायचं पहिल्यांदा कधी मनात आलं?" का गेलात असं विचारलं तर सगळे "पर्सनल रीझन" सांगतात. कधी विचारलं की प्रसंग सांगतात.

---

आकडेमोड

स्क्रीनशॉटबद्दल.

दहा मिनिटांनी एक म्हणजे तासाला ६, नऊ तासांचे ५४, १९ माणसांचे रोज १,०२६. हे बघणार कोण? पहिला आठवडा मालक बघतील, दुसऱ्या आठवड्यात तुमच्या गळ्यात येईल, तिसऱ्यापासून कुणीच बघणार नाही. पण कर्मचाऱ्याला मात्र रोज वाटत राहणार की बघतायत. विश्वास गेला तो गेला, आणि हाती माहिती शून्य.

शिवाय माऊस आपोआप हलवणारी यंत्रं बाजारात मिळतात, त्यामुळे जो टंगळमंगळ करतो तो हिरवाच दिसतो. जो छापलेली पॅकिंग लिस्ट हातात घेऊन पेन्सिलने टिचक्या मारतोय तो मात्र "निष्क्रिय". आणि त्या चित्रांत असतं काय, तर पार्टीचे इनव्हॉइस भाव, आयसगेटचं (कस्टम्सच्या पोर्टलचं) लॉगिन, कधी कुणाचं बँक खातं. ही सगळी चित्रं तिसऱ्याच कंपनीच्या सर्व्हरवर जाऊन बसणार. हे तुमच्या पार्टीला कळलं तर मालक काय उत्तर देतील, ते आधी ठरवायला सांगा.

मोजायचंच असेल तर काम मोजा. तीन आकडे पुरे. एक, पूर्ण कागद मिळाल्यापासून चेकलिस्ट जाईपर्यंतचा वेळ. दोन, पहिल्याच फेरीत पार्टीने मंजूर केलेल्या चेकलिस्टचं प्रमाण. तीन, चार तासांहून जास्त अनुत्तरित राहिलेल्या शंका. तिसरा आकडा कर्मचाऱ्याचा नाही, सिनियरचा आहे. तो मुद्दाम ठेवा. आकडे फक्त खालच्यांचे लागले की लोक त्याला हजेरीपत्रक समजतात.

पहिल्या आकड्यात "पूर्ण कागद" हा शब्द सोडू नका. पार्टीने पॅकिंग लिस्ट दोन दिवसांनी पाठवली आणि घड्याळ मात्र इनव्हॉइस आल्यापासून चालू, असं झालं की शीटवरचा भरवसा एका दिवसात उडतो.

आणि नुसत्या चेकलिस्टची संख्या चुकूनही मोजू नका. लोक दोन आयटमच्या फाइली झटपट उचलतात आणि ऐंशी आयटमची यांत्रिक सुट्या भागांची फाइल दिवसभर अनाथ पडून राहते. वजन लावा: १० आयटमपर्यंत १ गुण, ११ ते ४० ला २, त्यापुढे ४. अ‍ॅडव्हान्स ऑथरायझेशन (निर्यातीच्या मालासाठी लागणारा कच्चा माल बिनशुल्क आणायचा परवाना) किंवा दुसऱ्या लायसन्सची फाइल असेल तर १ जादा. महिनाभर चालवून बघा. एखाद्या वर्गाच्या फाइली कायम शेवटी उरत असतील तर त्याचं वजन कमी पडलंय असं समजा. हे गुण वाटप सारखं व्हावं म्हणून आहेत. पगारवाढीला जोडले की माणसं आयटम फोडून दाखवायला लागतील.

---

बंड्या_राउटरवाला

८०० रुपयांवर येतो. १९ माणसं म्हणजे महिना १५,२००, तिमाहीला ४५,६००. यातून पहिली खरेदी टांबोल्याची बक्षिसं नसावी.

डॉक्युमेंटेशनवाल्याची पहिली गरज दुसरा स्क्रीन. एका लॅपटॉपवर इनव्हॉइसची पीडीएफ आणि चेकलिस्ट आलटून पालटून बघत ऐंशी आयटम भरायचे म्हणजे दर ओळीला खिडकी बदलायची. चुका तिथेच होतात, डोकं तिथेच पिकतं, आणि त्याला आपण "कामात मन नाही" म्हणतो. एक प्रश्न: जागा निम्मी केली तेव्हा डेस्कवरचे मॉनिटर कुठे गेले? असतील तर असेट रजिस्टरला नोंद करून घरी द्या. नोकरी सोडताना परत.

मग वीज. ठाणे-नवी मुंबई-डोंबिवली-बदलापूर बहुतेक महावितरण, कळव्याला टोरंट. पावसाळ्यात दहा मिनिटं गेली तरी राउटर बंद, लॅपटॉप मात्र बॅटरीवर चालू. माणूस घरी आहे, काम करायला तयार आहे, पण "ऑफलाइन" दिसतो आणि मेसेज येतो, "कुठे आहात?" याने माणूस जितका खट्टू होतो तितका कामाच्या ओझ्याने होत नाही. राउटरसाठी छोटा यूपीएस घ्या, साधारण दीड-दोन हजारांत येतो. घेण्याआधी राउटरच्या अडॅप्टरवरचे आकडे वाचा. १२ व्होल्ट १ किंवा १.५ अँपिअर असेल तर १२ व्होल्ट २ अँपिअरचा यूपीएस चालतो. ९ व्होल्टच्या राउटरला १२ व्होल्टचा लावला तर राउटर जळू शकतो. फायबरचा डबा आणि वायफाय राउटर वेगळे असतील तर दोन्हींना वीज लागते. एकालाच यूपीएस लावून "चालत नाही" म्हणणारे फार.

किती वेळ चालेल त्याचा हिशोब: डब्यावर ८,८०० एमएएच लिहिलं असेल तर ते आतल्या ३.७ व्होल्टच्या सेलचं असतं. ८.८ गुणिले ३.७ म्हणजे सुमारे ३२ वॉट-तास, गळती जाऊन २७ धरा. राउटर १० वॉट खात असेल तर अडीच तासांच्या थोडं वर. प्रत्येकाला ग्राहक क्रमांकाशी मोबाइल नोंदवायला सांगा, ठरवून होणाऱ्या वीजबंदीचा मेसेज वीज कंपनीकडून येतो. तो मेसेज शीटवर टाकला की त्या दिवशीचं काम आदल्या दिवशीच हलवता येतं.

हेडफोन वायरवाला, तोंडाजवळ माइक असलेला. डोंबिवलीत वन बीएचकेमध्ये मागे कुकरची शिट्टी, शेजारी मुलाचा क्लास, खाली भंगारवाला. माइक बंद ठेवणारा माणूस बऱ्याचदा उदासीन नसतो, तो लाजत असतो.

कॅमेऱ्याचंही थोडं तसंच. सक्ती नको. स्टॅनफर्डच्या जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ मध्ये व्हिडिओ कॉलच्या थकव्याची चार कारणं मांडली: सतत जवळून रोखलेल्या नजरा, स्वतःचाच चेहरा समोर दिसणं, एका जागी खिळून बसणं, आणि हावभाव दाखवायला-ओळखायला लागणारी जादा मेहनत. पहिली दोन लगेच कमी होतात. खिडकी लहान करा, स्वतःचं चित्र लपवा. समोरासमोर दोघंच बोलत असतील तेव्हा कॅमेरा चालू ठेवायची विनंती करा. एकोणीस जणांच्या कॉलला त्याने काही साधत नाही.

---

पामबीच

सगळ्यांचे आभार, शीट आज सुरू करते. तलावपाळी, जुना ग्रुप चाळला. सापडलं. कुणी लिहिलंय ते सांगत नाही.

दोन अडचणी. घरून काम करणाऱ्यांशी एकेकटं बोला असं सगळीकडे वाचते, पण १९ जणांशी बोलणार कोण? डॉक्युमेंटेशन मॅनेजर एकच आहे. आणि संध्याकाळचं काय करू? जहाज उद्या लागतंय आणि पार्टी आज सात वाजता कागद पाठवते. त्या वेळी सगळ्यांना मेसेज जातो, ज्याला जमेल तो घेतो. आता कुणीच घेत नाही.

---

तलावपाळी

संध्याकाळचं आधी सांगतो, तीच खरी जखम दिसतेय.

२०२१ च्या वित्त कायद्यानंतर बहुतेक ठिकाणांहून येणाऱ्या मालाचं बिल ऑफ एंट्री जहाज येण्याच्या आदल्या दिवशी, सुट्टी असली तरी, भरावं लागतं. उशीर झाला की पहिले तीन दिवस रोज ५,००० रुपये आणि पुढे रोज १०,०००. म्हणजे सातची घाई खोटी नाही. पण "ज्याला जमेल तो" याचा अर्थ १९ जणांनी रोज रात्रीपर्यंत फोन हातात धरून बसायचं. काम एकाला, ताण सगळ्यांना. वर जो भला माणूस दोनदा घेतो त्याच्याच गळ्यात ते कायमचं पडतं. तो सगळ्यात आधी सोडून जातो.

पाळी लावा. रोज संध्याकाळी ६:३० ते ९:३० दोघं, एक सिनियर एक ज्युनिअर. सोमवार ते शनिवार सहा दिवसांच्या बारा पाळ्या, म्हणजे माणशी साधारण दीड आठवड्याला एकदा. रविवार आणि सणावाराची पाळी वेगळी लावा आणि त्याची बदली सुट्टी द्या. पाळीवाल्याने दुसऱ्या दिवशी ११ ला काम सुरू करायचं. बाकी १७ जणांना ६:३० नंतर मेसेज नाही, मालकांचासुद्धा. हे शेवटचं मालकांकडून लेखी घ्या. ते ८:४० ला "फक्त एक विचारायचं होतं" करतील आणि नियम त्याच रात्री संपेल.

मुळावर घाव घालायचा तर आगाऊ फाइलिंग. जहाज अपेक्षित असण्याच्या ३० दिवस आधीपर्यंत बिल ऑफ एंट्री भरता येतं. नेहमीच्या पार्ट्यांना जहाजाच्या पाच दिवस आधी कागद मागणारा मेल शीटवरून रोज ११ ला जाऊ द्या. मालकांनी मोठ्या चार-पाच पार्ट्यांना स्वतः फोन करावा. टीमसाठी ते एवढं करतायत हे टीमला दिसलं तर तेही कामाला येतं.

आता बोलणं. १९ जणांना एक मॅनेजर पुरत नाहीच, ऑफिसातही पुरत नव्हता, तिथे फक्त दिसत नव्हतं. तिघं सिनियर निवडा. उरतात १६. दोघांकडे पाच-पाच आणि एकाकडे सहा. दर आठवड्याला प्रत्येकाशी २० मिनिटं, म्हणजे सिनियरचे दोन तास. या दोन तासांच्या फाइली त्याच्या खात्यातून कमी करा, नाहीतर तिसऱ्या आठवड्यात हे बोलणं बंद पडेल. सिनियर तिघांशी मॅनेजरने बोलायचं, त्यांना बहुतेक ठिकाणी विसरतात.

विचारायचं काय? फाइलींची स्थिती विचारायची नाही, ती शीटवर आहे. "या आठवड्यात कुणाच्या उत्तराची वाट बघत बसावं लागलं?" "कुठली फाइल नकोशी वाटली, आणि का?" "पुढच्या दोन महिन्यांत कुठल्या प्रकारचं काम शिकायचंय?" मागच्या वेळी जे सांगितलं होतं त्याचं काय झालं, हे सिनियरने आधी सांगायचं. तेवढं चुकलं की पुढच्या वेळेपासून "सगळं ठीक आहे" सुरू होतं. आणि रद्द करायचं नाही. फार तर ४८ तासांत पुढची वेळ.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर गंभीरपणे घ्या. घरी बसलेल्याला नेहमीच्याच प्रकारच्या फाइली मिळत राहतात, कारण देणाऱ्याला त्याच आठवतात. इम्पोर्टवाल्याला शिपिंग बिल (निर्यातीचा कस्टम्सचा अर्ज), साध्या फाइलवाल्याला लायसन्सची फाइल, सिनियरबरोबर स्क्रीन शेअर करून, आठवड्यातून एक. डॉक्युमेंटेशनच्या माणसाला शेवटी मालाचं वर्गीकरण जमलं की स्वतःची किंमत कळते.

---

ट्रान्सहार्बर

ऑफिसला किती दिवस, याबद्दल. अर्थतज्ज्ञ निक ब्लूम आणि सहकाऱ्यांचे चीनमधल्या एकाच प्रवास कंपनीतले दोन प्रयोग इथे कामाचे आहेत. २०१०-११ मध्ये कॉल सेंटरच्या लोकांना नऊ महिने घरून काम दिलं. काम १३ टक्के वाढलं. पण त्याच कामाच्या मानाने घरी बसलेल्यांना बढती कमी मिळाली. आणि नंतर निवड करायला दिली तेव्हा अर्ध्याहून अधिक लोकांनी आपली निवड बदलली. घरून परत येणाऱ्यांचं मोठं कारण एकटेपणा होतं. दुसरा प्रयोग १,६१२ कर्मचाऱ्यांवर, निकाल २०२४ मध्ये आला. दोन दिवस घरून काम करणाऱ्यांचे राजीनामे एक तृतीयांशाने कमी, कामात आणि बढतीत फरक नाही. मात्र हे लोक तीन दिवस ऑफिसात होते. पूर्ण वेळ घरी बसणाऱ्यांना तो निकाल जसाच्या तसा लावू नका.

तुमच्याकडे जागाच निम्मी, त्यामुळे तीन दिवसांचा प्रश्न नाही. बदलापूरच्या माणसाला मध्य रेल्वेने ठाणे, तिथे प्लॅटफॉर्म बदलून ट्रान्स हार्बर, मग वाशी. एवढं करून तो आला आणि हेडफोन लावून घरी करतो तेच काम करत बसला, तर तो दिवस उलटा पडतो. म्हणून पंधरवड्यातून एक दिवस, पण पूर्ण गट एकाच दिवशी. पाच-सहाचा एक गट मंगळवारी, दुसरा बुधवारी, तिसरा गुरुवारी. "कुणी कधीही या" असं ठेवलं की दोघं सोमवारी येतात, तिघं शुक्रवारी, आणि भेट कुणाचीच होत नाही.

त्या दिवशी साडेदहा ते एक गुंतागुंतीच्या फाइली एकत्र सोडवायच्या. एकत्र जेवायचं, डबे आणले तरी भाजी ऑफिसकडून मागवा. दोन ते चार गेल्या पंधरवड्यातल्या तीन चुका, नाव न घेता: कागदावर काय होतं, आपण काय वाचलं, पुढे काय झालं. साडेचारला सोडा, म्हणजे संध्याकाळच्या गर्दीआधी ठाणे गाठता येतं. साडेसहापर्यंत बसवलंत तर पुढच्या वेळी निम्म्यांना ताप येईल.

तिमाहीत एकदा न्हावा शेवा. सीएफएसमध्ये आत न्यायला आधी परवानगी काढावी लागते, हेल्मेट, रिफ्लेक्टिव्ह जॅकेट आणि सेफ्टी शूज लागतात, म्हणून एका वेळी चार-पाचच न्या आणि फिल्डच्या माणसाला सोबत द्या. तपासणीसाठी सील तोडताना बघू द्या, जमलं तर त्यांनीच चेकलिस्ट केलेल्या जॉबचा कंटेनर निवडा. "वर्णन नीट लिहा" असं पन्नास मेल करून जे होत नाही ते एकदा उघडा कंटेनर आणि हातातली पॅकिंग लिस्ट शेजारी ठेवून बघितली की होतं. पेट्यांवरचे मार्क्स (खुणा) का लिहायचे, हे तिथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

नवीन माणसाला मात्र पहिल्या दिवसापासून घरी बसवू नका. पहिले दोन आठवडे ऑफिस, एका सिनियरच्या शेजारची खुर्ची. मग दोन आठवडे एक दिवसाआड. मग घर. पहिल्या महिन्यात रोज दुपारी चारला त्याला ठरलेला एकच माणूस फोन करेल आणि विचारेल, "आज काय अडलं?" लॅपटॉप, आयसगेटचं लॉगिन, शीटचा प्रवेश पहिल्या दिवशी दहाला चालू पाहिजे. तीन दिवस लॉगिनची वाट बघत घरी बसलेला नवा माणूस चौथ्या दिवशी दुसरीकडे अर्ज टाकतो.

टांबोला ठेवायचा तर ठेवा हो. पण कामाच्या वेळेत, महिन्यातून एकदा, चार वाजता. आणि न येणाऱ्याला "का आला नाहीत" विचारायचं नाही.

---

पामबीच

मालकांशी बोलले. स्क्रीनशॉट तीन महिने थांबवलाय, "पण तीन महिन्यांनी आकडा दाखवा" म्हणाले. काय दाखवू?

---

आकडेमोड

मी वर दिलेले तीन आकडे, दर आठवड्याला. पहिले चार आठवडे फक्त नोंद करा, काही बदललं असा दावा करू नका. तोच तुमचा पाया.

सोबत महिन्यातून एकदा पाच प्रश्नांची निनावी पाहणी, १ ते ५ गुण: माझ्याकडून काय अपेक्षित आहे ते स्पष्ट आहे, लागतं ते साहित्य आहे, अडलं तर वेळेत उत्तर मिळतं, माझ्या फाइलीचं पुढे काय झालं ते कळतं, गेल्या पंधरवड्यात काही नवीन शिकलो. नाव, मेल, गट, गाव काही विचारू नका. पाच जणांच्या गटाचा वेगळा निकाल काढलात तर अक्षरावरून नाही पण उत्तरावरून माणूस ओळखू येतो. सगळ्या १९ चा एकच निकाल काढा. आणि मालकांना आधीच सांगून ठेवा: पहिल्या दीड-दोन महिन्यांत शंकांची संख्या वाढेल, स्वतःहून कळवलेल्या चुकाही वाढतील. ते बिघडल्याचं लक्षण नाही, आजवर लपत होतं ते वर येतंय. हे नंतर सांगितलंत तर सबब वाटेल.

तिसऱ्या महिन्यात दुरुस्तीचे अर्ज आणि उशिराच्या दंडाचे रुपये शेजारी ठेवा. मालकांना टक्केवारीपेक्षा रुपये लवकर वाचता येतात.

---

पामबीच

ठीक. आणि बंड्या, मॉनिटर सापडले. पार्किंगच्या मागच्या खोलीत, ११. दहा चालू होतात, एकाला पॉवर केबलच नाही.

---

बंड्या_राउटरवाला

मागे तीन पिनांचं सॉकेट असेल तर सीपीयूला लागते तीच केबल. जुन्या सीपीयूची काढून लावा. एकच गोल भोक असेल तर अडॅप्टर लागेल, मॉनिटरच्या मागच्या स्टिकरवरचे व्होल्ट बघूनच घ्या. आणि देण्याआधी लॅपटॉपला एचडीएमआय आहे का विचारा. जुना मॉनिटर नुसता व्हीजीए असेल तर कन्व्हर्टर लागतो, तो ८०० मध्ये बसतो.